जात्यावरचा गळा आणि यंत्राचा गळा

(साक्री येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेल्या भावांनो,

आजच्या पत्रकावर माझ्या नावापुढे ‘यंत्राने केलेली चित्रे व गाणी’ असा विषय छापला आहे. तो वाचून दहिवेलच्या एका ताईंनी मला विचारलं, रेशनचं, दारूचं, कोर्टकचेरीचं एवढं पडलं असताना हे काय नवीन खूळ? प्रश्न रास्त आहे. पण गेल्या श्रावणात आपल्या गटाकडे एक मागणी आली आहे. तिला होकार द्यायचा की नकार, हे आपल्याला ठरवायचं आहे, आणि न समजता ठरवणं बरं नाही. म्हणून हा विषय घेतला.

मागणी काय ते आधी सांगते. गेले तीन श्रावण आपण कानबाईची गाणी फोनवर घेतो आहोत. त्यातच आखाजीची झोक्यावरची, गुलाबाईची आणि जात्यावरच्या ओव्याही आल्या. ज्या बायकांच्या घरात आता जातं उरलेलं नाही, त्यांनी परात पालथी घालून तिच्यावर हात फिरवत ओव्या म्हटल्या, कारण हात फिरल्याशिवाय ओळ आठवत नाही असं त्या म्हणाल्या. हे सगळं आता नऊ तासांच्या वर भरलं आहे. एका कंपनीचा तरुण मुलगा आला. चांगला, सभ्य मुलगा. म्हणाला, ही गाणी आम्हाला द्या, आम्ही यंत्राला अहिराणी शिकवू, मग यंत्र स्वतः अहिराणी गाणं रचेल आणि गाईल. तासाला अमुक पैसे. कागद इंग्रजीत होता. सही करायची जागा मात्र मराठीत दाखवली!

आता हे यंत्र शिकतं म्हणजे काय करतं? याला ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून हे नाव घेतलं आहे, पण नावाने घाबरू नका. सासरी आलेल्या पोरीला कळण्याची भाकरी कशी शिकवतात? पीठ इतके तोळे, पाणी इतकं, थापा इतक्या, असं कुणी लिहून देत नाही. पहिली जाड होते, दुसरी फाटते, तिसरी करपते. सासू दर वेळी बोलते, पोरीचा हात दर वेळी थोडा बदलतो, आणि एक दिवस भाकरी फुगते. कशी फुगली ते तिलाही सांगता येत नाही. यंत्राचंही तसंच. त्याच्या आत कोट्यवधी आकडे असतात. जुन्या रेडिओच्या कानासारखा प्रत्येक आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे पिळता येतो. त्याला एक चित्र दाखवायचं किंवा गाण्याचा तुकडा ऐकवायचा, आणि पुढे काय येईल ते ओळखायला लावायचं. चुकलं की सगळे कान किंचित पिळायचे. असं लाखो कोटी वेळा. अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लॅट नावाच्या माणसाने असं साधं यंत्र १९५८ साली दाखवलं होतं. कल्पना तेव्हाची आहे, पण एवढे आकडे पिळायला लागणारी ताकद आणि एवढी चित्रं-गाणी एका ठिकाणी सापडणं हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं.

चित्र काढणाऱ्या आजच्या बऱ्याच यंत्रांना आणखी एक गोष्ट शिकवतात. चांगल्या चित्रावर थोडी थोडी राख टाकत जायची, शेवटी नुसती राखच दिसेपर्यंत. मग यंत्राला सांगायचं, आता उलट जा, राख पुसत पुसत खालचं चित्र काढ. हे जमायला लागलं की त्याला खाली काहीच नसलेली निव्वळ राख देतात आणि म्हणतात, हिच्याखाली बाजारात बसलेली बाई आहे, काढ. यंत्र काढतं! ती बाई कुठेच नव्हती. पण तिचं नाक, पदर, टोपली हे सगळं कुणाच्या तरी चित्रांमधून शिकलेलं असतं.

मग ते कुणाचं, हा प्रश्न आलाच. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीज या लिलावघराने यंत्राने केलेलं एक चित्र ४,३२,५०० डॉलरला विकलं. फ्रान्समधल्या तिघा तरुणांच्या गटाने ते केलं होतं, आणि त्यासाठी यंत्राला शेकडो वर्षांतली सुमारे १५,००० व्यक्तिचित्रं दाखवली होती. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराच्या सहीऐवजी गणिताचं सूत्र होतं. लगेच वाद झाला, कारण त्यामागच्या कामातला काही भाग रॉबी बॅरट नावाच्या एका पोरसवदा अमेरिकन मुलाने आधीच करून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. त्याच्या नावाची चर्चा तरी झाली. १५,००० चित्रांच्या चित्रकारांचं, आणि त्या चित्रांसाठी तासन्‌तास बसून राहिलेल्या बायकांचं नाव कुणी काढलं नाही. आणि पुढचा आकडा त्याहून मोठा आहे. चित्रयंत्रांना शिकवण्यासाठी २०२२ साली जो एक साठा खुला झाला, त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्रांच्या नोंदी होत्या. लग्नातले फोटो, बारशाचे फोटो, दुकानाच्या जाहिराती, काय वाटेल ते. काढणाऱ्याला विचारलं नाही, फोटोत असलेल्यालाही नाही.

बायकांची कला बिननावाची असणं ही तुमच्या-माझ्यासाठी बातमी नाही. वारली चित्रं घ्या. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा हे सवाशिणींचं काम. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तांदळाच्या पिठाने तो लिहिला आणि पावसाने पुसला. १९७० च्या दशकात ती चित्रं कागदावर आली आणि जगभर नाव झालं ते जिव्या सोमा म्हसे यांचं. माणूस मोठा होता, पद्मश्री मिळाली, २०१८ साली वारले. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्यांच्याकडून ही रेघ आली, त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव इथे कुणाला सांगता येईल का?

आपल्या बहिणाबाईंचं नाव राहिलं. आसोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी, १९५१ साली गेली. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने तिची गाणी कागदावर उतरवली होती, आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरात लिहिणारा मुलगा नसता तर? खान्देशात अशा किती बहिणाबाई जात्याबरोबरच विरून गेल्या याचा हिशोब नाही.

याच्या अगदी उलट वाटेने केलेलं एक काम महाराष्ट्रात झालं आहे, ते आज मुद्दाम सांगायचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी १९८० च्या दशकात मुळशीकडच्या डोंगरी बायकांबरोबर काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गोळा करणाऱ्याही गावातल्याच बायका. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात त्यांना बर्नार्ड बेल नावाचा एक फ्रेंच अभ्यासक येऊन मिळाला, आणि शंभर तासांहून जास्त आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केला. आज ‘पारी’ या संस्थेने यातल्या कितीतरी ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंची ओवी ऐकाल तर ती गंगूबाई अंबोरेंची म्हणूनच ऐकाल. बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, कधी गायली, सगळं सोबत. नंतरच्या वर्षांत त्या संस्थेचे लोक गावोगाव जाऊन जुन्या गाणाऱ्या बायकांना पुन्हा शोधून भेटले.

आणि गंमत अशी की हे बर्नार्ड बेल मूळचे संगणकावर संगीत करणारे. १९८० च्या दशकात त्यांनी आणि जिम किपन यांनी तबल्याचे कायदे रचणारं एक यंत्र, ‘बोल प्रोसेसर’, तयार केलं होतं. तेव्हाचे संगणक आजच्या फोनपुढे खेळणंच. लखनौचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्यासमोर यंत्राने रचलेले बोल ठेवायचे. उस्तादांनी म्हणायचं, हे चालेल, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मग नियम दुरुस्त करायचा. हे आजच्यासारखं आकडे पिळणारं यंत्र नव्हतं, त्यात नियम माणसं लिहीत होती. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. तिथे उस्ताद समोर बसलेला होता. त्याच्या ‘नाही’ला किंमत होती, आणि लेखात त्याचं नाव होतं. म्हणजे यंत्र आलं की विचारणं संपतं, असं काही निसर्गाने ठरवून दिलेलं नाही. न विचारणं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, कारण ते स्वस्त पडतं.

आता माझा स्वतःचा प्रयोग सांगते. आठ मार्चच्या पत्रकासाठी मी एका चित्रयंत्राला मराठीत सांगितलं, साक्रीच्या बाजारात भाजी विकणारी बाई काढ. आली एक गोरीपान बाई. नाकात नथ, अंगावर पैठणी, पुढ्यात तकतकीत सफरचंदं. साक्रीच्या बाजारात अशी बाई बसली तर तिला बघायला गर्दी होईल. मग मी म्हटलं, गरीब आदिवासी बाई काढ. तर लगेच म्हातारी, सुरकुतलेली, डोळ्यांत पाणी आणलेली. माझ्याबरोबर गटात काम करणारी कोकणी ताई शेजारी बसली होती. ती म्हणाली, मी काय रोज रडते का? ‘सरपंच’ म्हटलं की पागोटं घातलेला मिशीवाला, ‘वकील’ म्हटलं की पुरुष. यंत्राला काही आमच्याशी वैर नाही. त्याला जे जगाने दाखवलं, तेच ते परत दाखवतं. सिनेमा-मालिकांनी पन्नास वर्षं केलं ते यंत्र आता काही सेकंदांत करतं, एवढाच फरक.

गाण्याचंही तसंच. अहिराणी गाणं माग म्हटल्यावर जे आलं ते पुस्तकी मराठी, मधूनमधून ‘शे’ आणि ‘मना’ पेरलेलं, चाल डीजेची, आणि विषय गोरी पोर. आपल्या बायकांच्या गाण्यात सासर आहे, भाऊ आहे, पाऊस आहे, दुष्काळ आहे, पोटातलं लेकरू आहे. ते त्याला माहीतच नाही, कारण ते कुणी नेटवर टाकलेलंच नाही. म्हणून तर तो सभ्य मुलगा आपल्यापर्यंत आला.

पण मी यंत्राच्या विरोधात भाषण करायला उभी नाही, आणि त्याचं कारण एका मुलीने मला दिलं. पिंपळनेरकडची दहावीतली पोर. तिने बालविवाहावर चार कडव्यांचं गाणं लिहिलं. शब्द तिचे, अस्सल अहिराणीत. चाल हवी होती, ढोल हवा होता, सनई हवी होती. आता विचार करा, आपल्याकडे बाई गाते, पण वाजवतो कोण? ढोल पुरुषाचा, संबळ पुरुषाचा, बँड पुरुषांचा, डीजे तर विचारूच नका. या पोरीला ढोलाला हातही लावू देत नाहीत. तिने फोनवरच्या यंत्राला सांगून ढोल वाजवून घेतला, तीनदा बदलून घेतला, आणि वर स्वतः गायली. शाळेच्या कार्यक्रमात ते लागलं तेव्हा मागच्या रांगेतल्या तिच्याच मैत्रिणींना विश्वास बसेना. ज्याला आयुष्यभर बँड हाताशी होता, त्याला यंत्राचा ढोल नकली वाटेल. मलाही कानाला थोडा पत्र्याचाच वाटला. पण तिला तो तिचा पहिला ढोल होता. अर्थात याच यंत्रामुळे लग्नसराईत बँडवाल्यांचं, गाणं बसवून देणाऱ्या स्टुडिओवाल्या पोरांचं पोट मारलं जाईल. त्यांची घरंही आपल्याच वस्तीत आहेत. हे दोन्ही खरं आहे, आणि मला त्याची सोपी बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त टोकाचा आहे. आता थोडासा आवाज मिळाला की यंत्र त्या आवाजात काहीही बोलतं, गातं. दक्षिणेत ए. आर. रहमान यांनी २०२४ साली दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले, पण घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनी दाद मागितली. न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं आणि परवानगीशिवाय कुणाच्याही आवाजाचं नामवंताच्या आवाजात रूपांतर करून देणारं यंत्र पुरवणं हा त्या व्यक्तीच्या हक्काचा भंग मानला. सांगलीत १९३३ साली जन्मलेली बाई, दहाव्या वर्षाच्या आसपास गाऊन घर चालवायला लागलेली, तिला नव्वदी उलटल्यावर न्यायालयात सांगावं लागतं की माझा गळा माझा आहे. बरं झालं तिने सांगितलं. पण निकालात शब्द येतो तो नामवंत व्यक्तीचा. कुडाशीच्या पाड्यावर गाणाऱ्या आजीचा आवाज कुणी उचलला तर ती कुठल्या न्यायालयात जाणार? कॉपीराइटचा १९५७ चा कायदा आहे, त्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांचे हक्क आहेत. आजीही त्यात बसते, तिने नाव कमावलेलं असण्याची अट नाही. पण ओवी कुणा एकीची रचना नाही, आणि आपण जर आंधळेपणाने कागदावर सही केली तर गाण्याचा जो हक्क तिच्याकडे आहे तोही निसटेल.

आणि साक्रीत उभं राहून खोट्या चित्रांबद्दल बोलताना राईनपाडा विसरता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे संदेश आणि चित्रफिती फोनवर फिरत होत्या. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी केलेली होती. तिचा शेवट, जिथे मूल परत आणून सोडतात, तो कापून टाकलेला होता. तेव्हा नुसती कात्री पुरली. आज कात्रीही लागत नाही. फोनवरच्या मुलीच्या साध्या फोटोवरून तिचं नागडं चित्र करणारी यंत्रं आहेत. आपल्या केंद्रावर अशी एक मुलगी आली होती. घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, तू फोटो टाकलाच का? आणि दुसरं काम केलं ते शाळा बंद. चित्र खोटं होतं, पण शाळा खरीच बंद झाली. इथल्या प्रत्येकीने लक्षात ठेवा, माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७-अ ही कलमं अशा चित्रांना लागतात, चित्र यंत्राने केलेलं असलं तरी. पोलिसांनी ‘खोटंच आहे ना, सोडून द्या’ म्हटलं तर सोडायचं नाही. तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, चित्राची आणि पाठवणाऱ्याच्या क्रमांकाची प्रत पुसायच्या आधी ठेवायची. १९३० हा सरकारी सायबर मदत क्रमांक भिंतीवर लिहून लावा.

आता परत आपल्या नऊ तासांकडे. गेल्या बैठकीत यावर खूप बोलणं झालं. काहीजणी म्हणाल्या, द्या, नाहीतर अहिराणी मरून जाईल, यंत्रात तरी राहील. हे म्हणणं हलकं नाही. मराठी यंत्रांनाही कुणीतरी बोलून दाखवलंच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ जणांनी फोनवर वाक्यं वाचून मराठीचे १०९ तास भरून दिले, आणि त्यांना त्याचे पैसे मिळाले. पण तिथे समोर ठेवलेली वाक्यं वाचायची होती. आपल्याकडे आहेत ती गाणी तशी नाहीत. पहाटे जात्यावर बाई एकटी असताना जे गाते, ते कुणाला सांगायचं नसतं म्हणूनच गाते. आपल्या नऊ तासांत नवऱ्याच्या माराच्या ओव्या आहेत, मेलेल्या लेकीच्या आहेत, एका गाण्यात तर गाव ओळखेल असा दिराचा उल्लेख आहे. आम्ही रेकॉर्ड केलं तेव्हा त्या बायकांनी आमच्यावर विश्वास ठेवून गायलं, कंपनीवर नाही. एक आजी म्हणाल्या, ‘मना आवाजमा मी नही गायेल ते गानं कोनी गावो नही.’ माझ्या आवाजात, मी न गायलेलं गाणं कुणी गाऊ नये. एम.एस.डब्ल्यू.ला संमती या विषयावर आम्ही आख्खं सत्र शिकलो, त्यातलं इतकं नेमकं वाक्य मला आठवत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. नऊ तास एकगठ्ठा कुणालाही द्यायचे नाहीत. प्रत्येक बाईकडे पुन्हा जायचं, तिचं गाणं तिला ऐकवायचं आणि एकेका गाण्याचं विचारायचं. हे फक्त आपल्यात ठेवायचं, हे नावासकट सगळ्यांना ऐकवायचं, की हे यंत्राला शिकवायला द्यायचं. बोललेली वाक्यं, गोष्टी, म्हणी वेगळ्या भरून देता येतील, त्याचे पैसे बोलणारीच्या खात्यात. गाणाऱ्या आवाजाची नक्कल करायची नाही, हे कागदावर लिहून पाहिजे. कागद मराठीत, आणि तो अहिराणीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. यंत्राने पुढे जे केलं ते आधी आपल्या बायकांना ऐकवायचं, लखनौच्या उस्तादांसारखं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर नाही. त्या मुलाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, असं कुठे कोणी करत नाही. मी त्याला जात्याच्या ओव्यांचं आणि तबल्याच्या यंत्राचं सांगितलं. तो ‘विचारून सांगतो’ म्हणाला आहे. अजून फोन आलेला नाही. दुसरी कंपनी येईल, तीही कदाचित नाहीच म्हणेल. अहिराणी तोवर थांबेल का, हे जे आपल्यातलं म्हणणं आहे ते मी खोडू शकत नाही. पण आपल्या तालुक्यात सूर्याच्या विजेचा प्रकल्प झाला, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हाही जमिनीच्या कागदांवर सह्या कुणी केल्या आणि त्या करताना घरातल्या बाईला किती जणांनी विचारलं, ते इथल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे.

पुन्हा ऐकवण्याचं काम पुढच्या सोमवारपासून पिंपळनेर आणि दहिवेल या दोन्हीकडे सुरू करतो आहोत. गावागणिक दोघीजणी लागतील, एक लिहिणारी आणि एक अहिराणी पक्की असणारी. ज्यांच्या घरी आईच्या, आजीच्या आवाजातल्या जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या आणाव्यात, परत मिळतील. आणि चालू टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर आजच जाण्याआधी मला सांगा. आपल्या कार्यालयातला फीत खातो.